वारसा सप्ताह आणि आपले नगर

दर वर्षी नोव्हेंबर महिन्याच्या १९ तारखेपासून २५ तारखेपर्यंत आपल्या देशात जागतिक वारसा सप्ताह पाळण्यात येतो, ही गोष्ट आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या कानांवर गेली असेलच. शाळेच्या फलकावर एखादे चित्र लागते, प्रार्थनेच्या वेळी कोणी शिक्षक चार शब्द बोलतात, आणि पाहता पाहता सप्ताह संपून जातो. हा सप्ताह म्हणजे काय, त्याची प्रथा कशी पडली, आणि नगरसारख्या गावी राहणाऱ्यांनी तो कशा रीतीने पाळावा, याचा थोडा खुलासा विद्यार्थ्यांकरिता व त्यांच्या पालकांकरिता येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम या कल्पनेच्या मुळाकडे वळू. संयुक्त राष्ट्रांची शिक्षण, विज्ञान व संस्कृती यांचे कार्य पाहणारी जी संघटना युनेस्को या नावाने प्रसिद्ध आहे, तिच्या पॅरिस येथील अधिवेशनात १६ नोव्हेंबर १९७२ रोजी एक करार मंजूर झाला. जगात काही वास्तू व काही निसर्गस्थळे अशी आहेत की, ती ज्या देशात असतील त्या देशाचीच केवळ नव्हेत, तर सर्व मानवजातीची ठेव होत. सबब त्यांच्या रक्षणाची काळजी सर्वांनी मिळून घ्यावी, असा त्या कराराचा आशय आहे. भारताने १९७७ साली तो मान्य केला. १९८३ साली अजिंठा व वेरूळ येथील लेणी, आग्र्याचा किल्ला आणि ताजमहाल ही आपल्या देशातील पहिली स्थळे जागतिक यादीत गेली. पुढे घारापुरीची लेणी १९८७ साली आणि मुंबईचे छत्रपती शिवाजी टर्मिनस हे रेल्वेस्थानक २००४ साली त्यांत आले. आणि २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस तो मान मिळाला. या बारांपैकी अकरा महाराष्ट्रात असून बारावा, जिंजीचा किल्ला, तमिळनाडूत आहे. आपल्याकडील सप्ताहाची व्यवस्था भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण हे सरकारी खाते पाहते. सर अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या नेतृत्वाखाली १८६१ साली या खात्याची स्थापना झाली. सप्ताहात खात्याच्या देखरेखीखालील स्थळी व्याख्याने, चित्रप्रदर्शने, मुलांसाठी स्पर्धा असे कार्यक्रम होतात, आणि अलीकडे काही वर्षी पहिल्या दिवशी प्रवेशाचे शुल्कही घेण्यात आलेले नाही.

आता कोणी म्हणेल की, आमच्या नगरातील एकही वास्तू त्या जागतिक यादीत नाही, मग या सप्ताहाशी आमचा संबंध काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर सोपे आहे. यादी ही जगाच्या सोयीसाठी असते. वारसा हा यादीत नाव लागण्यापूर्वीही असतो आणि न लागले तरी असतो. ज्या घराण्याने हे नगर वसविले त्याचा मूळपुरुष मलिक अहमद हा आधी जुन्नरास होता आणि शिवनेरी त्याच्या ताब्यात होता. तो शिवनेरी आज यादीत आहे. एकाच इतिहासाचे एक टोक यादीत आणि दुसरे टोक यादीबाहेर, असा हा प्रकार आहे. शिवाय नगर व आसपासच्या कित्येक वास्तू पुरातत्त्व खात्याने संरक्षित म्हणून जाहीर केलेल्या आहेत. त्यांच्या भिंतीवर नाव कोरणे ही नुसती असभ्यता नसून १९५८ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. २०१० साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी वाढविण्यात आली. आमच्या मोठ्या वर्गांतील काही बालवीरांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

नगरची हकीकत थोडक्यात अशी. बहामनी राज्य मोडकळीस आले असता मलिक अहमदाने २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ बहामनी सेनापती जहांगीरखान याचा पराभव केला, आणि सीना नदीच्या काठी, विजयाच्या त्याच परिसरात, पुढे १४९४ च्या सुमारास आपली राजधानी वसविली. २८ मे हा शहराचा स्थापनादिन मानण्याची पद्धत त्यावरूनच पडली. तेव्हापासून पाच शतके हे गाव अहमदनगर या नावाने ओळखले गेले. २०२४ साली ते अहिल्यानगर झाले. याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात चौंडी या गावी १७२५ साली जन्मलेल्या पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांच्या नावावरून हे नाव देण्यात आले आहे. विद्यार्थ्यांनी दोन्ही नावे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कारण आजचा पत्ता एका नावाने शोधावयाचा आणि जुना ग्रंथ, जुनी सनद, जुना नकाशा दुसऱ्या नावाने, असा प्रसंग त्यांस पुढे वारंवार येणार आहे. बोलताना मात्र सगळेच नुसते ‘नगर’ म्हणतात, आणि आम्हीही येथे तेच करीत आहो.

सात दिवसांत जे पाहावयाचे त्यात पहिला मान अर्थातच भुईकोट किल्ल्याचा. आरंभी येथे मातीचा कोट होता. हुसेन निजामशहाने १५५९ ते १५६२ या काळात तो दगडी बांधविला. डोंगरी किल्ल्यांप्रमाणे याला कडेकपारींचे संरक्षण नाही. सपाट जमिनीवरचा हा किल्ला; तेव्हा जे काही बळ ते रुंद खंदकाचे, बुरुजांचे आणि आतील माणसांचे. त्याचा आकार जवळजवळ वर्तुळासारखा आहे, आणि यातही एक हिशेब आहे. चौकोनी कोटाचे कोपरे तोफेच्या माऱ्यास सोपे जातात, व कोपऱ्याच्या आड शत्रूस दडताही येते. गोल तटास कोपराच नसल्यामुळे एका बुरुजावरील शिपायास शेजारच्या बुरुजाचा पायथा दिसत राहतो. भूमितीच्या तासाला वर्तुळाचा उपयोग काय असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यास या खंदकाच्या काठावर नेऊन उभे करावे असे आम्हांस पुष्कळदा वाटते.

या तटाची खरी परीक्षा १५९५ व १५९६ या वर्षी झाली. अकबराचा पुत्र मुराद मोठी फौज घेऊन नगरवर चालून आला, त्या वेळी दरबारात चार तट पडलेले होते आणि गादीचा वारस लहान होता. अशा समयी हुसेन निजामशहाची कन्या चांदबीबी पुढे आली. ती विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा. तेथेही अल्पवयी पुतण्याच्या वतीने तिने राज्यकारभार पाहिला होता. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. काही सुरुंगांचा शोध आतील लोकांस लागला व ते निकामी करण्यात आले, परंतु एक उडालाच आणि तटास मोठे खिंडार पडले. त्या खिंडारात चांदबीबी स्वतः हाती तलवार घेऊन उभी राहिली, लोकांस तिने धीर दिला, आणि रातोरात ते भगदाड बुजवून घेतले. शेवटी वऱ्हाड प्रांत मोगलांस देऊन तह झाला व किल्ला वाचला. तोफगोळे संपल्यावर तिने नाण्यांचे गोळे करून डागले, असेही लोक सांगतात. ही गोष्ट लोककथा म्हणून ऐकावी. खिंडाराची गोष्ट मात्र इतिहास आहे. पुढे १६०० साली मोगल पुन्हा आले, तेव्हा या बाईचे मत तहाच्या बाजूने पडले. ती फितूर झाली अशी आवई आतल्याच लोकांनी उठविली आणि आतल्याच लोकांनी तिचा वध केला. त्यानंतर थोड्याच दिवसांत किल्ला पडला. जिने त्याचे रक्षण केले तिचे रक्षण तो करू शकला नाही.

त्यानंतर या किल्ल्याने पुष्कळ धनी पाहिले. १८०३ च्या ऑगस्ट महिन्यात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्धीस आला, त्याने शिंद्यांकडून तो घेतला. परंतु आमच्या विद्यार्थ्यांस अधिक जवळचा वाटावा असा प्रसंग १९४२ चा आहे. ‘भारत छोडो’ ठराव झाल्यावर ९ ऑगस्टला पहाटे काँग्रेसच्या कार्यकारिणीतील पुढाऱ्यांस मुंबईत धरून येथे आणण्यात आले. पंडित जवाहरलाल नेहरू, सरदार वल्लभभाई पटेल, मौलाना अबुल कलाम आझाद, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, शंकरराव देव ही मंडळी त्यांत होती. जवळजवळ पावणेतीन वर्षे त्यांनी येथे काढली. मौलाना आझादांच्या पत्नी या काळातच, १९४३ साली, कलकत्त्यास वारल्या, आणि त्यांची अखेरची भेट मौलानांस घडली नाही. ‘गुबार-ए-खातिर’ हा त्यांचा उर्दू पत्रसंग्रह या तटाच्या आतच लिहिला गेला. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत येथे लिहिला. त्या ग्रंथाच्या आरंभीच ते सांगतात की, तुरुंगाच्या आवारात बाग करण्याकरिता ते खणीत असता जुन्या भिंतींचे व घुमटांच्या माथ्यांचे अवशेष त्यांच्या कुदळीस लागले. एकदा तर भिंतीवर कोरलेले एक सुंदर कमळ वर आले. अधिक खोल खणण्यास अधिकाऱ्यांची संमती नव्हती. भारताच्या भूतकाळाचा शोध घेणारा ग्रंथ लिहिणारा मनुष्य, आणि त्याच्या पायांखाली हातभर मातीत निजामशाहीचा महाल! असा योग सहसा जुळून येत नाही. हा किल्ला लष्कराच्या ताब्यातील आहे. जाताना ओळखपत्र बरोबर ठेवावे आणि प्रवेशाविषयी आधी चौकशी करावी.

किल्ल्याजवळच दमडी मशीद आहे. ती लहान आहे, परंतु तिच्यावरील दगडी कोरीव काम पाहण्यास निवांत वेळ काढावा लागतो. किल्ल्याच्या बांधकामावरील मजुरांनी आपल्या मजुरीतून एकेक दमडी देऊन ती बांधली, अशी परंपरा आहे व नावाचा अर्थही तोच सांगतात. राजाने बांधलेल्या वास्तू पुष्कळ असतात. मजुरांचे नाव ज्यांस चिकटले अशा वास्तू फार थोड्या. फराहबाग हा आणखी एक प्रकार. मोठ्या तलावाच्या मध्यभागी बांधलेला हा अष्टकोनी महाल आज कोरड्या जमिनीत उभा आहे, त्यामुळे पाहणाऱ्यास त्याची खरी शोभा कल्पनेनेच भरून काढावी लागते.

ते पाणी कोठून येत असे? हा प्रश्न विचारल्याशिवाय नगरचा इतिहास कळला असे होणार नाही. सीना ही बारमाही मोठी नदी नव्हे, आणि पाऊस तर आपल्या भागात बेताचाच. तेव्हा निजामशाहीच्या काळात शेंडी, कापूरवाडी अशा आसपासच्या उंच जागी पाणी अडवून व झरे बांधून, ते जमिनीखालील खापरी नळांनी शहरात, महालांत व बागांत आणले गेले. पाणी आपल्या पातळीपर्यंत चढते, हा जो नियम आमच्या सातवीच्या मुलांस पाठ असतो, त्याच्याच आधारावर ही सर्व योजना उभी होती. नळात हवा कोंडली तर प्रवाह थांबतो. म्हणून ठिकठिकाणी दगडी मनोरे बांधून हवेस वाट करून दिलेली असे. या मनोऱ्यांस लोक उच्छ्वास म्हणतात. पंप नाही, इंधन नाही, केवळ उतार साधून मैलोगणती पाणी आणणाऱ्या त्या कारागिरांची नावे कोठे नमूद नाहीत. या नळांचे तुकडे आजही पाया खणताना निघतात आणि बहुधा ढिगाऱ्यात जातात. असा तुकडा सापडल्यास तो जागेवरच ठेवून त्याचे छायाचित्र घ्यावे, शेजारी मापासाठी पट्टी ठेवावी, जागा लिहून ठेवावी, आणि संग्रहालयास कळवावे. जागा माहीत नसलेले खापर म्हणजे पान फाटलेले पुस्तक.

आता ज्या वास्तूविषयी आमच्या विद्यार्थ्यांत व पालकांत सर्वांत अधिक गैरसमज आहे तिच्याकडे येऊ. शहराच्या पूर्वेस, पाथर्डीच्या वाटेवर, डोंगराच्या माथ्यावर जी अष्टकोनी तिमजली इमारत चहूकडून दिसते, तिला सर्व जण ‘चांदबीबीचा महाल’ म्हणतात. सहलीच्या निबंधांत तेच नाव येते, आणि चांदबीबी तेथील सज्जात बसून किल्ल्याकडे पाहत असे अशी वर्णनेही येतात. वस्तुतः तो महाल नव्हे, आणि चांदबीबीचाही नव्हे. मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची ती कबर आहे. हा सलाबतखान १५८९ साली, म्हणजे किल्ल्याच्या वेढ्यापूर्वी काही वर्षे, वारला. इमारतीच्या तळघरात कबरी आहेत, त्या पाहिल्या म्हणजे शंका उरत नाही.

मग लोकांनी हे नाव का दिले असावे? आम्हांस असे वाटते की, ज्या स्त्रीने शहर राखले तिचे एखादे दर्शनी स्मारक असावे अशी लोकांची इच्छा होती, आणि शहरातून नजर वर करताच दिसणारी ही एकच उंच इमारत होती. ज्याचे नाव विसरले त्याच्या वास्तूस, जिचे नाव विसरता येत नव्हते तिचे नाव मिळाले. या दृष्टीने पाहता ही चूक देखील इतिहासाचाच एक भाग आहे, आणि ती सांगणाऱ्या आजीबाईंना मुलांनी घरी जाऊन हिणवू नये. परंतु निबंधात काय लिहावे हा प्रश्न वेगळा. तेथे ‘सलाबतखानाची कबर, जिला लोक चांदबीबीचा महाल म्हणतात’ असेच लिहावे. कारण एकाचे देणे दुसऱ्याच्या नावावर मांडणे हे वहीखात्यात जितके गैर, तितकेच इतिहासातही. सलाबतखानानेही या शहराकरिता पुष्कळ केले. फराहबागेच्या कामातही त्याचा हात होता.

भोसले घराण्याचा संबंधही याच मातीशी आहे. मालोजीराजांच्या दोन्ही पुत्रांची नावे, शहाजी व शरीफजी, ही नगरच्या शाह शरीफ या सत्पुरुषाच्या नावावरून ठेवली अशी परंपरा आहे. १६२४ साली नगरजवळील भातवडी येथे मलिक अंबराने मोगल व विजापूरकर यांच्या फौजांचा मोड केला, त्या लढाईत शहाजीराजांचे शौर्य प्रथम सर्वांच्या दृष्टीस आले, आणि शरीफजी तेथेच पडले. पुढे १७०७ साली औरंगजेब बादशहानेही आपला शेवटचा श्वास येथेच, भिंगारनजीक, घेतला. नेवाशाची ज्ञानेश्वरी आणि प्रवरेकाठच्या दायमाबादेस १९७४ साली सापडलेली तांब्याची चार प्राचीन शिल्पे, हे जिल्ह्यातील विषय स्वतंत्र लेखाचे आहेत. त्यांस येथे हात घालीत नाही.

आपल्या शिक्षणाचा वारसा मात्र सोडून चालणार नाही, कारण तो या आवाराच्या भिंतींपलीकडचा नाही. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरास १८३१ साली सुरू झाले. मिस सिंथिया फॅरार या बाई १८२७ साली मुंबईस आल्या व १८३९ पासून नगरास राहून १८६२ साली मृत्यू येईपर्यंत मुलींच्या शाळा चालवीत होत्या. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण नगरास याच फॅरारबाईंकडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिकही १८४२ साली प्रथम नगरासच निघाले. रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांचे पुष्कळ आयुष्य नगर-राहुरीकडे गेले. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या पालकांस हे सांगावयास नकोच. अशा स्थळांवर किल्ल्यासारखी पाटी नसते. जुनी शाळा पाडून नवी बांधताना तिचा हजेरीपट रद्दीत गेला, की कोणत्या गावच्या कोणत्या मुली पहिल्यांदा पाटी घेऊन बसल्या हे कायमचे पुसले जाते.

यावरून आम्ही मुख्य मुद्द्यावर येतो. सप्ताहातील खरे काम डोंगरावर नसून घरांत आहे. कित्येकांच्या माळ्यावर मोडी लिपीतील कागद पडलेले असतात. ते वाचता येत नाहीत, म्हणून निरुपयोगी समजून कोणी जाळतो, कोणी नदीत सोडतो. कृपा करून तसे करू नये. असे कागद प्लॅस्टिकच्या थरात कायमचे चिकटवून घेण्याची अलीकडे जी चाल पडली आहे तीही घातकच आहे, कारण तो थर पुढे काढता येत नाही आणि आतला कागद मात्र खराब होत राहतो. फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नये. कोरड्या जागी, घडी न घालता, स्वच्छ सुती कापडात ठेवावे, आणि छायाचित्र काढून ते जाणत्याकडून वाचवून घ्यावे.

दुसरे काम आठवणींचे. १९७२ च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर खडी फोडलेली माणसे आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत. कामावर मिळणारी सुकडी, रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी, चाऱ्यावाचून सोडून दिलेली जनावरे, हे सर्व त्यांच्या डोळ्यांपुढे आहे, आणि ते सांगणारे दर वर्षी कमी होत आहेत. आमच्या विद्यार्थ्यांनी आपल्या आजी-आजोबांपाशी बसून हे उतरून घ्यावे. ‘त्या वेळी कसे होते?’ असा मोघम प्रश्न केला तर ‘फार हाल झाले, बाळा’ एवढेच उत्तर मिळते. ‘मजुरी किती मिळे, ती कोण वाटी, पाणी कोठून आणीत, तलाव कोणता, घरात त्या वेळी कोण कोण होते’ असे विचारावे. सन आठवत नसल्यास ‘कोयनेच्या भूकंपाच्या आधी की नंतर’ असे विचारले म्हणजे १९६७ च्या डिसेंबराची एक खूण हाती लागते. त्यांची भाषा सुधारून लिहू नये. आजी ‘खडी फोडाया जायचो’ म्हणाली तर तसेच उतरावे. रडू आले तर वही मिटावी. उरलेले उद्या विचारता येते.

पुढील सप्ताहाकरिता इयत्ता आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी अशी एक आठवण, सांगणाराचे नाव, गाव व वय लिहून, आपल्या वर्गशिक्षकांकडे द्यावी. नाव छापले जाऊ नये अशी ज्यांची इच्छा असेल त्यांनी तसे कळवावे. सलाबतखानाच्या कबरीकडे जाण्यास सकाळची वेळ बरी. वर पिण्याच्या पाण्याचा भरवसा नसल्यामुळे ते बरोबर न्यावे. वरच्या मजल्यास जाणारा जिना अरुंद व अंधारा आहे. लहान मुलांस मोठ्यांनी हात धरूनच चढवावे.